बाईच्या हाताखाली काम करायला जड कोणाला जाते?

सकाळी साडेआठच्या सुमारास गुरुकुंज मोझरीच्या थांब्यावर उभे राहून पाहा. नागपूर-अमरावती महामार्गावर एसटीची वाट पाहणाऱ्यांत निम्म्या तरी बाया असतात. कोणी तिवशाला कचेरीत निघालेली, कोणी अमरावतीला दवाखान्यात, कोणी नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात. यातल्या बऱ्याच जणी आपल्या वस्तीतल्या, ज्यांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे अशा. आपल्या पोरी शिकल्या, नोकरीला लागल्या, असे आपण छाती फुगवून सांगतो. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. दहा वर्षांपूर्वी ती ज्या टेबलावर बसली त्याच टेबलावर आजही का बसलेली आहे? आणि तिच्यानंतर लागलेला, तिच्याकडूनच काम शिकलेला मुलगा तिचा साहेब कसा झाला?

गेल्या पावसाळ्यात आम्ही मोझरी आणि आसपासच्या गावांतल्या अशा दहा-बारा जणींसोबत एका घराच्या ओसरीत बसलो. त्यातल्या तिघी नुकत्याच एका व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. तिथे वक्त्याने सांगितले होते की आत्मविश्वास ठेवा, हसतमुख राहा, इंग्रजी सुधारा, साहेबांशी जुळवून घ्या, घरचा ताण ऑफिसात आणू नका. एकीने आम्हाला सांगितले, "म्या त्यायले इचारलं, सर, माह्या साहेबाले माह्यं हासणंच जास्त आवडते, मंग म्या हासू का नोको हासू?" ओसरीतल्या सगळ्या खळखळून हसल्या. वक्त्याने मात्र तिथे पुढची स्लाइड लावली होती.

ती पुढची स्लाइड लावणे म्हणजेच या सगळ्या धंद्याचा गाभा आहे. बाई मागे राहिली तर तिच्यातच काहीतरी कमी असले पाहिजे, या गृहीतकावर ही शिबिरे चालतात. तिचा आवाज कमी, तिचे इंग्रजी कमी, तिची धडाडी कमी. हे आपल्याला ओळखीचे वाटत नाही का? गुणवत्ता कमी, संस्कार कमी, स्वच्छता कमी, असे आपल्या बापजाद्यांनाही सांगितले गेले होते. दोष व्यवस्थेचा आणि औषध मात्र पीडिताला. जातीच्या बाबतीत हा डाव आपण शंभर वर्षांपूर्वीच ओळखला. बाईच्या बाबतीत मात्र आपल्याच विहारांत अशी शिबिरे लागतात आणि आपलेच कार्यकर्ते वक्त्याचा शाल-पुष्पगुच्छ देऊन सत्कार करतात.

काही मित्र म्हणतील की नोकरीतल्या बढतीचा प्रश्न हा पांढरपेशा बायकांचा आहे, चळवळीचा नाही. त्यांनी 1942 सालाकडे पाहावे. त्या वर्षी 20 जुलैला नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे, आपल्या अमरावतीच्या. बाबासाहेब समोर होते. स्त्रियांच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजण्याबद्दलचे त्यांचे त्या दिवशीचे वाक्य आज प्रत्येक बॅनरवर, प्रत्येक स्टेटसवर असते. पण त्याच परिषदेत त्या बायकांनी कोणते ठराव केले ते कोणत्या बॅनरवर पाहिले आहे? घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी हे ठराव काहींना माहीत असतात. कामगार बायकांबद्दलचे ठराव फारसे कोणी सांगत नाही. गिरण्यांत, विडी कारखान्यांत, नगरपालिकांत आणि रेल्वेत काम करणाऱ्या बायकांना वर्षाला 21 दिवसांची किरकोळ रजा मिळावी, कामावर इजा झाली तर भरपाई मिळावी, म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळावे. आणि गिरणीत बायकांवर देखरेख करायला पुरुष नको, बायकाच नेमाव्यात.

तो शेवटचा ठराव पुन्हा वाचा. ज्या बायकांपैकी बहुतेकींना सही करता येत नव्हती, त्यांनी देखरेखीची जागा मागितली होती. आम्हाला नीट वागवा अशी विनवणी त्यांनी केली नाही. वागवण्याचा अधिकार ज्या खुर्चीत असतो ती खुर्चीच मागितली. मुकादमाच्या हातात हजेरी असते, दंड असतो, कोणाला कोणत्या मशीनवर लावायचे ते असते, आणि त्यामुळेच अंगाला हात लावण्याची हिंमतही असते, हे त्यांना कोणा तज्ज्ञाने शिकवायची गरज नव्हती. ज्याला आज करिअर म्हणतात ते आपल्या आज्यांनी ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी ठरावात मांडले होते. ते एकटीचे करिअर नव्हते, एवढाच फरक.

बाबासाहेबांचेही याबाबतचे काम भाषणापुरते नाही. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा ते त्याच्या बाजूने उभे राहिले, 1929 मध्ये कायदा झाला. संविधानाच्या कलम 16 मध्ये सरकारी नोकरीत लिंगावरून भेदभावाला मनाई आहे आणि ती जातीवरून भेदभावाच्या मनाईच्या त्याच ओळीत आहे. कलम 39 मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन हे तत्त्व आहे. हिंदू कोड बिल अडवले गेले तेव्हा 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. एवढा वारसा असलेल्या चळवळीने बाईच्या बढतीचा प्रश्न व्यक्तिमत्त्व विकासवाल्यांच्या हवाली करावा, याची आम्हाला लाज वाटते.

आता बढतीचे गणित पाहू, कारण खरी मेख तिथे आहे आणि आपल्या तरुणांपैकी फार थोड्यांना ती ठाऊक असते.

महाराष्ट्रात शासकीय नोकरीत महिलांना 30 टक्के समांतर आरक्षण आहे. ते सरळसेवा भरतीला लागू होते, म्हणजे दारातून आत येताना. आत आल्यावर वरच्या मजल्यावर जायचे असेल तर महिला म्हणून कोणताही हात मिळत नाही. दुसरीकडे, अनुसूचित जातीची कर्मचारी म्हणून तिला पदोन्नतीत आरक्षण होते. 2004 च्या कायद्याच्या आधारे ते दिले जात होते. त्याबाबतचा शासन निर्णय ऑगस्ट 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 7 मे 2021 च्या शासन निर्णयाने राज्य सरकारने मागासवर्गीयांसाठी राखून ठेवलेल्या पदोन्नतीच्या जागाही सेवाज्येष्ठतेने भरायचे ठरवले. त्या वेळी आपण रस्त्यावर उतरलो, निवेदने दिली. पण आपल्या एकाही निवेदनात आम्हाला हे वाचल्याचे आठवत नाही की या निर्णयाचा सगळ्यात मोठा घाव बौद्ध बाईवर बसतो. पुरुषाचे एक दार बंद झाले. तिच्यासाठी दुसरे दार मुळात नव्हतेच.

त्यात ज्येष्ठतेचे काय होते तेही बघा. ज्येष्ठता म्हणजे नोकरीतली अखंड वर्षे.  नवऱ्याची बदली झाली म्हणून आपली बदली मागून, दुसऱ्या आस्थापनेत ज्येष्ठता यादीच्या तळाला कोण जाऊन बसते? विभागीय परीक्षा सुटलेली असते कारण त्या आठवड्यात लेकराला ताप होता. कागद म्हणतो, नियम सर्वांना सारखा. सारखा आहेच, फक्त तो घरी आयते जेवण मिळणाऱ्या माणसाच्या मापाने शिवला आहे.

आत येण्याच्या दारावरही पहारेकरी होतेच. खुल्या प्रवर्गातील महिलांच्या जागांवर मागासवर्गीय मुलींना, गुण जास्त असले तरी, बसू दिले जात नव्हते. तू अनुसूचित जातीची, तू तुझ्या कोट्यात जा. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या पोलीस शिपाई भरतीवरून आलेल्या सौरव यादव प्रकरणात स्पष्ट केले की खुला प्रवर्ग हा कोण्या जातींचा कोटा नाही, तो सर्वांसाठी खुला आहे, आणि समांतर आरक्षणालाही हेच लागू होते. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलीला हा निकाल तोंडपाठ हवा. चालू घडामोडींत विचारतात म्हणून नव्हे, उद्या तिचेच नाव यादीतून गळले तर अर्जात लिहिता यावा म्हणून.

आत्मविश्वासाची गोष्ट करणाऱ्यांना आम्ही आणखी एक नाव सांगू. दीपाली चव्हाण. आपल्याच जिल्ह्यात, मेळघाटात हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी. स्पर्धा परीक्षेतून आलेल्या, अंगावर वर्दी असलेल्या, जंगलात रात्रीबेरात्री फिरणाऱ्या. धडाडी कमी पडली असे त्यांच्याबद्दल कोणी म्हणू शकणार नाही. 25 मार्च 2021 रोजी त्यांनी जीवन संपवले. मागे ठेवलेल्या पत्रांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडून होणारी शिवीगाळ, अडवलेला पगार आणि रजा, गरोदरपणातही जंगलातून पायी फिरवणे असे आरोप होते. वर सांगूनही काही झाले नाही, हेही होते. त्या आपल्या जातीच्या होत्या की नव्हत्या हा प्रश्न तेव्हा आपल्या काही गटांत विचारला गेला, आणि तो विचारणाऱ्यांना आम्ही तेव्हाही सुनावले होते. एक अधिकारी बाई सांगत होती, आणि तिचे ऐकून घेणे ज्यांचे काम होते त्यांची साखळी वरपर्यंत होती. अशा साखळीपुढे एकटीचा आत्मविश्वास किती दिवस टिकतो?

म्हणून आम्ही ओसरीतल्या बैठकीत पहिला प्रश्न विचारला: तुमच्या कामाच्या जागी तक्रार समिती आहे का? दोघींनी मान हलवली, बाकीच्यांनी एकमेकींकडे पाहिले. त्या दोघींपैकी एकीने समितीचा बोर्ड जिन्याखाली पाहिला होता, त्यावरची अध्यक्ष बाई तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेली. 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला हवी, निम्म्या सदस्य महिला हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा. समिती नेमली नाही तर मालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसे असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. घरकाम करणाऱ्या बाईलाही जाता येते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते, म्हणून 'थोडे दिवस बघू' हा सल्ला देणारा माणूस कळत-नकळत समोरच्यालाच वाचवत असतो.

हा कायदा आला कुठून? राजस्थानातल्या भंवरी देवी कुंभार समाजाच्या, सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या साथीन. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यांच्या लढ्यातून 1997 चा विशाखा निकाल आला आणि त्या निकालातून हा कायदा. काचेच्या इमारतीतल्या बायका आज ज्या कायद्याचे संरक्षण घेतात तो गावात पायी फिरणाऱ्या मानधनी बाईने मिळवून दिला आहे. आणि आपल्या तालुक्यातली आशा ताई, अंगणवाडी ताई विचारते, "आमाले लागू होते का तो? आमी त कर्मचारी नाई म्हन्ते ना." लागू होतो. मानधनावर असा, कंत्राटावर असा, रोजंदारीवर असा, लागू होतो. या 'मानधन' शब्दाची एक गंमतच आहे. मान किती आणि धन किती, ते सगळ्यांनाच ठाऊक. 2022 मध्ये अंगणवाडी सेविकांना उपदान मिळाले पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, इतके साधे गणित सरकारला कळत नव्हते.

एक अडचण मात्र कायद्याने सोडवलेली नाही आणि ती फक्त आपल्याच बायांची आहे. ऑफिसात तिला ऐकवले जाते, "कोट्यातून आलीस, वर बाई म्हणून सवलत, आणि आता बढती पण पाहिजे?" या एका वाक्यात जातही आहे आणि लिंगही. समितीकडे गेली तर म्हणतात, जातीचे इथे बोलू नका. पोलिसांत अ‍ॅट्रॉसिटीची तक्रार द्यायला गेली तर म्हणतात, हा तुमच्या ऑफिसचा मामला. बाई एक, तिचे दोन तुकडे दोन टेबलांवर. म्हणून तक्रार लिहितानाच दोन्ही गोष्टी शब्दशः, तारखेसह, कोण हजर होते त्यासह लिहायच्या आणि दोन्हीकडे द्यायच्या, असा आमचा आग्रह असतो.

सहकारी बायका सोबत येतील, असे पुस्तकात असते. कधी येतात, आणि आल्या तर त्यांचा हात धरावा. पण संक्रांतीचे हळदी-कुंकू ऑफिसात होते तेव्हा भगिनीभाव ताटापाशी येऊन थांबतो, हे आपल्या बायांना चांगले ठाऊक आहे. ही गोष्ट जुनी आहे. नागपूरच्या जाईबाई चौधरी हमाली करत शिकल्या, मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या, आणि अस्पृश्य बाई शिकवते हे कळल्यावर सवर्ण पालकांनी ओरड केली, नोकरी गेली. त्या पुन्हा डोक्यावर ओझे घेऊन चालू लागल्या. मग त्यांनी स्वतःच मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. 1937 च्या अखेरीस नागपुरात शिकल्या-सवरलेल्या बायकांची अखिल भारतीय परिषद भरली तेव्हा तिथेही त्यांना आणि त्यांच्या सोबतच्या बायकांना जेवायला वेगळे बसवले. त्या गप्प राहिल्या नाहीत, त्यांनी निषेधाची सभा घेतली. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वक्त्याने जाईबाईंना काय शिकवले असते, हा विचार आमच्या मनात येऊन जातो.

आता घरात येऊ, कारण इथवर वाचून आपल्यातले पुरुष कार्यकर्ते माना डोलावत असतील.

ज्या ओसरीत आम्ही बसलो होतो तिथल्या एका शिक्षिकेला केंद्रप्रमुख होण्याची संधी होती. तिने नकाराचे पत्र दिले. का? नवरा म्हणाला, "तुले फिरती आली त पोट्ट्यायले कोन पाह्यीन?" नवरा आपला. 14 एप्रिलला मिरवणुकीच्या पुढे निळा फेटा बांधून असतो. स्त्रीमुक्तीवर अर्धा तास बोलतो, आम्ही ऐकले आहे, चांगले बोलतो. नकाराच्या त्या एका पत्राने तिचे नाव मागे पडले, आणि त्या जागेवर जो आला तो आता तिच्या शाळेची तपासणी करतो. हे मनुवाद्याने केले नाही.

विहाराच्या समितीकडे पाहा. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष पुरुष. महिला मंडळाकडे खीर, रांगोळी आणि पांढऱ्या साड्यांची रांग. ज्या बाईला ऑफिसात लाखोंचा हिशोब सांभाळता येतो तिला जयंतीच्या वर्गणीची वही आपण देत नाही. मग ऑफिसातला साहेब तिला वही देत नाही म्हणून कोणत्या तोंडाने ओरडायचे? बाईच्या हाताखाली काम करायला जड कोणाला जाते, हा शीर्षकातला प्रश्न आम्ही साहेबांना विचारलेला नाही.

मोझरीत बसून हे लिहितो आहोत तर ग्रामगीतेचा उल्लेख टाळणे बरे नाही. महाराजांनी 'महिलोन्नती' या नावाचा एक पूर्ण अध्याय लिहिला. त्या काळात, खेड्यापाड्यांतल्या लोकांसमोर, बाईला मागे ठेवू नका असे सांगणे सोपे नव्हते, आणि त्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण तिथला भर बाईच्या आईपणावर आणि घरावर आहे, तिने चांगले घडवण्यावर आहे. सुलोचनाबाईंच्या परिषदेचा भर तिला काय मिळाले पाहिजे यावर होता. दोन्ही गोष्टी याच वऱ्हाडात एकाच काळात वाढल्या, आणि आपण कोणत्या बाजूचे आहोत याबद्दल आमच्या मनात गोंधळ नाही. गुरुदेव भक्तांशी यावर वाद घालायला आम्ही केव्हाही तयार आहोत, चहा त्यांचा असला तरी चालेल.

त्या बैठकीनंतर काय झाले ते सांगतो. फार मोठे काही नाही. सरकारी आणि निमसरकारी नोकरीतल्या पाच जणींनी आपापल्या कार्यालयाची 1 जानेवारीच्या स्थितीची ज्येष्ठता यादी मागवली. दोघींच्या यादीत रुजू होण्याची तारीखच चुकीची निघाली, एकीची तर तब्बल दोन वर्षांनी पुढची. तिने नऊ वर्षांत ती यादी एकदाही पाहिली नव्हती. कोणी दाखवली नव्हती, आणि मागायची असते हे तिला कोणी सांगितले नव्हते. चौघींनी गोपनीय अहवालाच्या प्रती मागितल्या. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये देव दत्त प्रकरणात सांगितले आहे, तो उल्लेख अर्जात टाकला. जिथे टाळाटाळ झाली तिथे दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहितीचा अधिकार. कारखान्यातल्या दोघींनी समितीच्या सदस्यांची नावे लेखी विचारली. एकटीने विचारले असते तर दुसऱ्या दिवशी गेटवरच थांबवले असते, म्हणून अर्जावर सतरा सह्या होत्या. त्यातल्या पाच आपल्या नव्हत्या, कुणबी, तेली, माळी पोरींच्या होत्या, आणि त्यातल्या एकीनेच अर्ज नेऊन दिला.

ज्या शिक्षिकेने नकाराचे पत्र दिले होते तिच्या नवऱ्याशी आम्ही बोललो. दोनदा बोललो. पहिल्यांदा तो चिडला, दुसऱ्यांदा गप्प बसला. पुढच्या बैठकीला तो पोरांना घेऊन घरी थांबला आणि ती आली. त्या दिवशी तिच्या पर्समध्ये एक अर्ज होता, पुढच्या वेळी माझा विचार व्हावा असा, आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शाखेचा शिक्का, तारखेसह.

जय भीम.